लेकराच्या हातात काय द्यावे?

गेल्या महिन्यात कळंब तालुक्यातल्या एका गावी आम्ही वाढदिवसाला गेलो होतो. लेकराचा पहिलाच वाढदिवस, त्यामुळे घर माणसांनी भरलेले. त्रिसरण-पंचशील झाले, भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या लागल्या, केक कापला गेला, आणि मग आलेल्या भेटी एकेक करून सतरंजीवर मांडल्या गेल्या. रिमोटवर पळणारी मोटार, पोट दाबले की हिंदी गाणे म्हणणारी बाहुली, दिवे लुकलुकणारी आणि टर्र टर्र वाजणारी बंदूक, शिवाय मामाने पुण्याहून आणलेला, आत बसून फिरायचा चाकांचा वॉकर. मोटार अंगावर येताच लेकराने भोकाड पसरले. बंदूक वाजली तसे ते आईला बिलगले. थोड्या वेळाने पाहतो तर स्वारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून डब्याचे झाकण आपटत होती. कधी फरशीवर, कधी तांब्यावर, कधी पाटावर. आवाज वेगळा आला की थांबायचे, झाकणाकडे बघायचे, पुन्हा आपटायचे.

"एवढ्या पैशाची खेळणी आणली अन् हे बघा, झाकण घेऊन बसलंय. लेकराला काय कळतंय!" असे कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. आम्हीही हसलो. पण परतीच्या एस.टी.त आमच्या मनात आले की त्या घरात कळत होते ते त्या लेकरालाच. पितळेचा आवाज निराळा, लाकडाचा निराळा, हा शोध ते लावत होते. मोटारीने त्याला काही करू दिले नसते. मोटार पळणार आणि त्याने नुसते बघायचे.

त्याच घरातली दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय ही पुरी होत नाही. या लेकराचा थोरला भाऊ तिसरीत शिकतो. अंगणात तो भोवऱ्याला जाळी गुंडाळत होता. आतून वडिलांनी हाक मारली, "ए, आत ये. खेळून कुणाचं पोट भरलंय? पाढे म्हण." पोरगा जाळी खिशात घालून मुकाट्याने आत आला. म्हणजे ज्याला खेळणी वापरता येत नाहीत त्याच्यापुढे हजार-दीड हजाराची खेळणी, आणि ज्याला खेळता येते त्याला दहा रुपयांच्या भोवऱ्याची बंदी! पाहुणे म्हणून गेलो होतो, तेव्हा बोललो नाही. आज लिहितो आहोत.

त्या बापाला आम्ही दोष देत नाही. त्याचा बाप ऊस तोडायला जायचा. शिकला म्हणून हा आज पक्क्या घरात राहतो. आपल्या समाजात पुस्तक किती मोल देऊन हाती आले आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो लेकराच्या हातचे पुस्तक सुटू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारच. "शिका" हा बाबासाहेबांचा आदेश आपण सर्वांत आधी पाळला, आणि तो पाळला म्हणूनच हे साप्ताहिक वाचणारी घरे उभी राहिली. पण शिकणे पाटीपासून सुरू होते असे आपण धरून चाललो, तिथे मात्र आपली गफलत झाली. झाकण आपटणारे लेकरू शिकतच होते. भोवरा फिरवणाऱ्या पोराच्या मनगटाला जे वळण लागत होते ते त्याला लेखणी धरतानाही उपयोगी पडणार होते. आणि दिवसभर बाकावर बसून आलेल्या पोराला संध्याकाळी तासभर मोकळे सोडले तर रात्री पाढे लवकर पाठ होतात, हे आम्ही घरच्या मुलांवरून सांगतो.

काही उपासक आम्हाला असेही ऐकवतात की खुद्द तथागतांनीच खेळ वर्ज्य सांगितले आहेत. त्यांचा रोख दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्ताकडे असतो. त्यात सोंगट्यांचे पट, चेंडू, फासे अशा खेळांची भली मोठी यादी आहे आणि श्रमणाने त्यापासून दूर राहावे असे म्हटले आहे. बरोबर आहे. पण ते घरदार सोडलेल्या भिक्खूंसाठी आहे, तिसरीतल्या पोरासाठी नव्हे! ज्यांना ही शंका असेल त्यांनी मज्झिमनिकायातले महातण्हासंखयसुत्त उघडून पाहावे. माणूस आईच्या पोटी येतो, जन्मतो, आईच्या दुधावर वाढतो, असा क्रम सांगत भगवान बुद्ध पुढे म्हणतात की मूल वाढू लागते, त्याची इंद्रिये पक्व होऊ लागतात, तेव्हा ते मुलांच्या खेळण्यांनी खेळते. आणि ती खेळणी ते नावानिशी सांगतात: छोटा नांगर, विटी-दांडू, कोलांट्या उड्या, पानांचे भिरभिरे, पानांची मापे, छोटा रथ, छोटे धनुष्य. पालीत विटी-दांडूला घटिका आणि भिरभिऱ्याला चिंगुलक म्हटले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी वाचताना आम्हाला आपल्या गावच्या जत्रेतले भिरभिरेवाले आठवले. ज्वारी काढल्यावर ताटाच्या धांड्यांचे बैल आणि गाडी करणारी रानातली पोरे आठवली. त्या काळच्या मुलांचा छोटा नांगर आणि आपल्या पोरांची धांड्याची गाडी यांत फरक तो काय? घरात मोठी माणसे जे काम करतात त्याची छोटी प्रतिकृती लेकरू मागते. शेतकऱ्याच्या लेकराला नांगर पाहिजे, दुकानदाराच्या लेकराला माप.

आपल्या जिल्ह्याला तर हा वारसा हाताशी आहे. तेरणेच्या काठचे तेर म्हणजे पूर्वीचे तगर. बौद्ध स्तूपाचे अवशेष तिथल्या उत्खननात मिळाले आहेत. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत, हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. सुटीत मुलांना घेऊन जावे. येताना नदीकाठची मूठभर माती पिशवीत आणावी आणि घरी आल्यावर मुलांपुढे ठेवावी. काय करा हे सांगू नये.

आता खेळणी कोणत्या वयाला कोणती, हा बहुतेक माता-भगिनींच्या पत्रांतला प्रश्न. त्याचे उत्तर देण्यापूर्वी पहिली चिंता जिवाची, म्हणून तीच आधी.

अभयराजकुमारसुत्तात एक प्रसंग आहे. राजकुमार अभयाच्या मांडीवर तान्हे मूल असते. तथागत त्याला विचारतात, तुझ्या किंवा दाईच्या नजरचुकीने या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणतो, मी तो काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला या मुलाची करुणा आहे. तिथे चर्चा चालली आहे ती वाणीची, कडू बोल केव्हा बोलावा याची. पण उदाहरण कुठले निवडले पाहा. तान्हे मूल हाती येईल ते तोंडात घालते, ही घरोघरची भीती तेव्हाही होती. आज काडी आणि खडा यांच्या जोडीला खेळण्याची सुटलेली चाके आहेत, बाहुलीचे डोळे आहेत, मणी, चिंचोके, शेंगदाणे, फुटलेल्या फुग्याचे तुकडे आहेत. वाढदिवसाला आपण घर फुग्यांनी सजवतो, पण तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात फुग्याचा तुकडा अडकला तर तो श्वासनलिकेला चिकटून बसतो, हे फार थोड्यांना माहीत असते. कार्यक्रम संपला की फुटके फुगे आधी वेचा, मग ताटे उचला.

सगळ्यांत घातक म्हणजे गोळीसारखी चपटी, चकचकीत बटण-बॅटरी. गाणाऱ्या बाहुलीत, लुकलुकणाऱ्या बंदुकीत हीच असते. ती गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोनेक तासांत आतून भाजायला लागते. लेकराने बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढायला न लावता तडक दवाखाना गाठावा, "शी वाटे पडेल" म्हणून वाट पाहू नये. ज्या खेळण्याच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नाही ते खेळणे घरात आणूच नये.

आणि अभयाने सांगितलेला उपाय मात्र आजचे डॉक्टर जसाच्या तसा करू देत नाहीत. घशात बोट घालून चाचपडले तर वस्तू आणखी आत जाते. वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच काढावी. लेकरू खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, श्वास कोंडला असेल, तर वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके खाली असे धरून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा माराव्यात. तेवढ्याने निघाले नाही तर उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाचदा दाबावे. मदत येईपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवावे. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना विनंती करून महिला मंडळाच्या बैठकीत हे बाहुलीवर एकदा प्रत्यक्ष करून बघावे. वाचून हात बसत नाही.

खेळणी विकत घेताना आयएसआयची खूण पाहावी. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ही खूण सक्तीची आहे. बाजारात अजूनही बिनखुणेचा माल दिसतो, रंग नखाने खरवडला तर निघतो. आमची साधी परीक्षा अशी: खेळण्याचा कुठलाही भाग ओढून निघत असेल आणि तो रुपयाच्या नाण्याहून फारसा मोठा नसेल, तर तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती तो नको.

आता वयाचे. पहिल्या सहा महिन्यांत खेळणे म्हणजे आईचे तोंड. त्याहून चांगले खेळणे अजून कुठल्या कारखान्यात निघालेले नाही. पाळण्यावर रंगीत चिंध्यांची चिमणाळी टांगावी, ती बाळाच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच असावीत. खुळखुळा मोठा आणि अखंड असावा. बाळ जागे असताना त्याला गोधडीवर पालथे घालावे आणि जवळ बसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांत रांगू न लागलेल्या बाळाला दिवसातून निदान अर्धा तास, थोडे थोडे करून, असे पालथे ठेवावे असे म्हटले आहे. आपल्या आज्या हे सांगतच होत्या. पालथे पडल्याशिवाय मान धरत नाही, हे वाक्य आम्ही कितीदा ऐकले आहे.

बसू लागले की वाट्या, चमचे, झाकणे, लाकडी पळी, कापडाचा चेंडू. उभे राहू लागले की पांगुळगाडा. इथे थोडे थांबून बोलले पाहिजे. पांगुळगाडा आणि मामाने आणलेला वॉकर या दोन वस्तू एकच आहेत असे लोकांना वाटते. पांगुळगाड्याला तीन चाके आणि धरायला दांडी असते. लेकरू त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभे राहते, ढकलते, पडते, उठते. वॉकरमध्ये ते झोळीत बसते आणि बोटांच्या टोकांनी जमीन ढकलते. पायात बळ येत नाही, तोल कळत नाही, उलट चालायला उशीर लागतो. शिवाय त्या चाकांवर ते क्षणात पायरीपाशी, चुलीपाशी किंवा पाण्याच्या हौदापाशी पोचते. कॅनडा देशात तर २००४ सालापासून वॉकर विकायलाच बंदी आहे. गावचा सुतार उरल्यासुरल्या फळकुटांतून पांगुळगाडा करून देतो आणि तो भावंडा-भावंडांना, मग शेजारच्यांना पुरतो. त्या घरी मामांचा मान राखून आम्ही वॉकरविषयी काही बोललो नाही. मामा हे साप्ताहिक वाचतात असे कळले आहे, तेव्हा त्यांनी राग मानू नये.

मोबाईलचे एका वाक्यात आटोपतो, कारण त्यावर याच पानात पुष्कळ लिहून झाले आहे: दोन वर्षांच्या आतल्या बाळापुढे तो मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाहून जास्त नको, तेही कमी तितके बरे, असे आरोग्य संघटनेच्या त्याच सूचना सांगतात.

तीन ते सहा हे वय खरे श्रीमंतीचे. या वयात काठीचा घोडा होतो, विटेची मोटार होते, आईच्या ओढणीचे घर होते. या लेकरांना विकतचे फार थोडे लागते. तयार खेळणे एकच गोष्ट असते, काठी मात्र दिवसभरात दहा गोष्टी होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी आदिवासी मुलांत काम केले, तेव्हा परदेशी पद्धतीची महागडी साधने त्यांनी बाजूला ठेवली आणि शिंपले, खडे, बिया, पाने घेतली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली, तिला नाव मिळाले कुरणशाळा. आमच्या काळात अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या यांतून शेकडो खेळणी करून दाखवली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत, ती विहाराच्या वाचनालयात असायला हवीत. अंगणवाडीत गेलात तर तिथल्या खेळण्यांची चौकशी करा. पेटीला कुलूप असेल तर ताईंना प्रेमाने विचारा की कुलूप कशासाठी. मोडतील म्हणून न काढलेली खेळणी आम्ही एका ठिकाणी पाहिली. पाच वर्षांत एकही मोडले नव्हते!

भातुकलीबद्दल एक सांगायचे आहे. भातुकली मुलीला आणि मोटार मुलाला, ही वाटणी आपल्या घरांतही जशीच्या तशी चालू आहे. मुलगा बोळक्यात भात शिजवू लागला की आज्जी म्हणते, "बाईल्यासारखा काय बसलास?" ज्या घरात भिंतीवर हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाची तसबीर आहे, त्या घरात हे शोभत नाही. मुलग्याला भाकरी थापू द्यावी, मुलीला पाना-पेचकस द्यावा. आणि बाहुली घ्यायचीच तर ती गोरी, पिवळ्या केसांचीच का? आमच्या एका मैत्रिणीने जुन्या काळ्या-सावळ्या कापडाची बाहुली शिवली, तिला लोकरीची दोन वेण्या घातलेली केसांची झाप लावली. तिची लेक त्या बाहुलीला स्वतःच्याच नावाने हाक मारते.

सहा वर्षांच्या पुढे खेळण्यांचा प्रश्न मागे पडतो आणि जागेचा पुढे येतो. या वयाला नियम असलेले खेळ लागतात: लगोरी, लंगडी, शिवणापाणी, विषामृत, विटी-दांडू, दोरीवरच्या उड्या, सागरगोटे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज निदान तासभर दम लागेल अशी हालचाल हवी, असे डॉक्टर सांगतात. ती हालचाल कुठे करायची? शिकवणीहून मूल येते ते सातला. गल्लीत मोटारसायकली लागलेल्या. गावात मैदान असेल तर त्यावर आपल्या वस्तीची पोरे गेली की "तुमचं तिकडं खेळा" म्हणणारे अजून आहेत. आम्ही स्वतः लहानपणी शाळेच्या मैदानात सीमारेषेबाहेर उभे राहून चेंडू आणून देण्याचे काम केले आहे. बॅट हातात येत नसे. तेव्हा तो खेळाचाच भाग आहे असे वाटायचे.

म्हणून हे पाठ असू द्या. संविधानाचा अनुच्छेद १५(२) विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबरच सार्वजनिक जागांच्या वापरात जातीच्या कारणाने आडकाठी करू देत नाही, आणि सरकारी पैशाने राखलेले मैदान ही तशीच जागा आहे. चवदार तळ्याचे पाणी आणि गावचे मैदान यांना एकच कलम लागू पडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचे मैदान हवे असे लिहिले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात, ते खिचडीवर बोलतात, मैदानावर बोलत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात तर एकतिसावे कलमच खेळण्याच्या आणि विश्रांतीच्या हक्काचे आहे, आणि भारताने १९९२ साली तो करार मान्य केला आहे.

खेळून पोट भरत नाही म्हणणाऱ्या त्या बापासाठी आपल्याच गावचे उदाहरण देतो. सारिका काळे ही धाराशिवचीच लेक. घरची परिस्थिती अशी की दिवसातून एकदाच जेवण मिळायचे, हे तिने स्वतः सांगितले आहे. ती खो-खो खेळली, भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले, आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ती क्रीडा खात्यात अधिकारीही झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या महिलांनी जिंकला, त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि पळायला जागा, एवढ्या भांडवलाचा हा खेळ. सगळ्याच मुली अर्जुन पुरस्कार आणणार नाहीत, आणि त्यासाठी खेळूही नये. पण बारावे-तेरावे वर्ष लागले की आपण मुलीला मैदानावरून आत बोलावतो, "मोठी झाली आता" म्हणतो. हाडे भरण्याचे, दम वाढण्याचे वय नेमके तेच. पाळीच्या दिवसांत तिला वाटले तर तिने खेळावे, नाही वाटले तर बसावे. ठरवू तिला द्यावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींचा तर हा हक्क आठव्या वर्षीच जातो. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून कितीतरी बिऱ्हाडे कारखान्यांवर जातात. तिथे कोप्यांपुढे आठ वर्षांची बहीण दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन उभी असते. तिला खेळायचे असते, पण कडेवरचे लेकरू खाली ठेवता येत नाही, कारण खाली बैल, गाड्या, पाचट. अशा बोचक्यात मोटारी-बाहुल्या मावणार नाहीत. एक दोरी, एक चेंडू आणि सागरगोट्यांची पुरचुंडी मावते. वजन पाव किलोसुद्धा नाही.

आणखी एक धोका आपल्या भागाचा खास आहे. दुष्काळाने शेततळी वाढली. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे लेकरांना पोहण्याचा हौद वाटते, पण कागद निसरडा असतो, पोहता येणारा मुलगाही काठ चढू शकत नाही. ज्यांचे शेततळे आहे त्यांनी कुंपण घालावे आणि गाठी मारलेला जाड दोर चारी बाजूंनी सोडून ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत खेळ सकाळी दहाच्या आत आणि उन्हे कलल्यावर. मधल्या वेळात सावलीतले सागरगोटे, काचापाणी, चिंचोक्यांचे पट.

शेवटी आमच्या नगरातले सांगतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही विहाराच्या पडवीत एक पत्र्याची पेटी ठेवली. तीत दोन चेंडू, उड्या मारायच्या चार दोऱ्या, सुताराकडून कापून घेतलेल्या लगोरीच्या सात चकत्या, एक पांगुळगाडा, तीन कापडी बाहुल्या, खडूंचा डबा. जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डॉल्बीला जे भाडे जाते त्यात अशा दहा पेट्या भरतील, असे बैठकीत म्हटले तर काही तरुण रागावले. नंतर त्यातल्याच दोघांनी पेटीला बिजागरी बसवून दिली. ज्येष्ठांनी विहारात दंगा नको म्हणून हरकत घेतली, तेव्हा वंदनेची वेळ सोडून, असे ठरले. चावी सहावीतल्या एका मुलीकडे आहे. ती वही ठेवते, कोणी काय नेले, केव्हा आणले.

तिच्या वहीप्रमाणे पहिल्या महिन्यात दोन्ही चेंडू हरवले, एक दोरी तुटली, एक बाहुली कुणीतरी घरी नेली ती आलीच नाही, आणि सातांपैकी पाच चकत्या शिल्लक आहेत. पोरे पाचांचीच लगोरी मांडतात. पांगुळगाडा सध्या पलीकडच्या गल्लीत आहे, तिथल्या लेकराने परवा पहिले पाऊल टाकले असे कळले. चेंडूसाठी वर्गणी जमली आहे, रविवारी आणायचा आहे.